किल्लीबरोबर घर सांगूनही द्या

पत्र थोडक्यात असं : गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहणाऱ्या शिक्षिका लिहितात. घरात त्या, त्यांचे यजमान, दहावीतली मुलगी आणि ७६ वर्षांचे सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू पुण्यात काढायचं ठरलंय आणि त्यासाठी पंधरा दिवस तिकडे राहावं लागणार. नातेवाइकांच्या दोन खोल्यांत इतक्या जणांनी शिरायचं नाही, हॉटेल परवडत नाही. घरांची अदलाबदल जुळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर त्यांना कोथरूडचं एक कुटुंब मिळालं : दिवाळीच्या सुट्टीत ते इकडे, हे तिकडे, भाडं कोणीच द्यायचं नाही. तात्यांनी ठणकावलं, "घर म्हणजे धर्मशाळा नव्हे. परक्याच्या ताब्यात घर देऊन मला डोळा करून घ्यायचा नाही. उद्या कूळ लागलं म्हणजे?" थोरल्या नणंदेला त्या माणसांच्या आडनावावरून काही कळत नाही, ती स्वयंपाकघरात काय शिजवतील याची धास्ती आहे. यजमान म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. शेवटी ताई विचारतात : अनोळखी माणसांवर इतका विश्वास टाकणं हा वेडेपणा आहे का?

ताई,

तुमच्या पत्रात दोन गोष्टींची गाठ बसली आहे, ती आधी सोडवू. तात्यांचा डोळा वेगळा आणि घराची अदलाबदल वेगळी. ऑपरेशनची तारीख कोथरूडच्या घरावर टांगून ठेवू नका. त्या कुटुंबात कोणी आजारी पडलं आणि ऐन वेळी त्यांचं येणं रद्द झालं, तर तुम्ही काय करणार? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. दुसऱ्या दिवशी तपासणी असते, मग साधारण आठवड्याने पुन्हा, आणि डोळ्यात थेंब काही आठवडे घालायचे असतात. म्हणजे अगदीच अडलं, तर तात्या आणि एक माणूस यांना नातेवाइकांकडे आठवडाभर राहून निभावता येतं. ही दुसरी सोय आजच पक्की करा आणि तात्यांना तसं सांगा, "घर दिलं काय, न दिलं काय, डोळा होणारच." मग ते घराबद्दल मोकळेपणी बोलतील. आत्ता ते बोलताहेत त्यात ऑपरेशनची भीती किती आणि घराची काळजी किती, ते कोणालाच वेगळं करता येणार नाही. पुढच्या वर्षावर मात्र ढकलू नका. वाढलेला मोतीबिंदू काढणं जास्त कठीण होतं, आणि पडवीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून अंधूक नजरेचा माणूस पडला तर खुब्याचं दुखणं मागे लागतं.

आता तुमचा प्रश्न. वेडेपणा नाही. घरं अशी बदलायची पद्धत जुनी आहे, आणि ती तुमच्याच पेशातल्या माणसांनी सुरू केली. १९५३ साली युरोपातल्या काही शिक्षकांनी सुट्टीत एकमेकांच्या घरी राहण्यासाठी इंटरव्हॅक ही संस्था काढली. होमएक्सचेंज १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, तेही छापील यादीवर. संकेतस्थळं त्यानंतरची. भाड्याच्या पाहुण्यापेक्षा हा पाहुणा एका बाबतीत वेगळा असतो : तो तुमच्या गादीवर झोपलेला असतो तेव्हा तुम्ही त्याच्या गादीवर झोपलेल्या असता. त्याची भांडी, त्याची पुस्तकं, त्याच्या मुलांची खेळणी तुमच्या हाती असतात. त्यामुळे चोरीची धास्ती सगळ्यांना वाटते, पण अदलाबदलीत खरी रडारड बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टींवरून होते. पंप जळतो. संडासाची टाकी तुंबते. गॅस संपतो आणि सिलिंडर कुठून आणायचा ते ठाऊक नसतं.

कोकणातलं घर चालतं ते घरच्यांच्या डोक्यातल्या माहितीवर. पंप हं करून नुसता गुणगुणायला लागला की बटण लगेच बंद करायचं, हे तुमच्या मुलीलाही कळतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला ते कुठून कळणार? म्हणून 'ही माणसं चांगली असतील का' यापेक्षा 'चांगल्या माणसाला आपलं घर चालवता येईल का' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा धरा. त्याची तयारी तुमच्या हातात आहे.

तात्यांच्या 'कूळ लागेल' या भीतीला हसू नका. कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. कोकणातल्या घराघरांत त्या काळाच्या आठवणी आहेत, कुठे जमीन गेल्याच्या तर कुठे मिळाल्याच्या. तात्यांचं लहानपण त्यातलंच. त्यांना शांतपणे सांगा की कूळ लागतं ते शेतजमीन कसणाऱ्याला. घरात पंधरा दिवस पाहुणा म्हणून राहणाऱ्याला कूळकायद्याने काही मिळत नाही. त्यांच्या समाधानासाठी, आणि तसंही शहाणपण म्हणून, दिलेल्या परवानगीत घर आणि अंगण एवढंच लिहा. बागेतलं शिंपण, नारळ उतरवणं, सुपारी गोळा करणं पाहुण्यांकडे सोपवू नका, ते तुमच्या नेहमीच्या गड्याकडेच राहू दे.

लेखी मात्र हवंच. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये नुसती वापरायची परवानगी म्हणजे काय ते सांगितलं आहे : अशा परवानगीने मिळकतीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. साध्या कागदावर दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, राहणाऱ्यांची नावं, भाडं किंवा मोबदला नाही, ताबा घरमालकाचाच, कोणत्या खोल्या वापरायच्या आणि कोणत्या नाहीत, मोडतोड झाली तर खर्च कोणी द्यायचा, किल्ल्या किती दिल्या, एवढं आलं की पुरे. दोघांच्या आधार कार्डाच्या प्रती जोडा. मुक्काम महिन्याच्या वर जाणार असेल, तर वकिलाला दाखवून घ्या.

पण सही कोणाची? पत्रात तुम्ही लिहिलंय की घर यजमानांच्या आजोबांनी बांधलं. मग ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढून बघा. बहुतेक जुन्या घरांवर चुलते, आत्या, मुंबईतले चुलतभाऊ अशी चार-सहा नावं असतात. तुम्ही तिथे राहता, घरपट्टी भरता, म्हणून घर एकट्या तुमचं ठरत नाही. सहहिस्सेदारांना न विचारता घर दिलं आणि त्यांना शेजाऱ्याकडून कळलं, तर कोथरूडकर आठवड्यात विसरतील पण भाऊबंदकी वीस वर्षं विसरणार नाही. व्हॉट्सॲपवर तारखा आणि पाहुण्यांची नावं कळवून त्यांचं 'हो' घ्या आणि ते जपून ठेवा. इतक्याने बहुतेकांचं समाधान होतं. राग असतो तो विचारलं नाही म्हणून.

गावात पोलीस पाटलांना कळवा : नावं, गाडीचा नंबर, किती दिवस. वाडीतल्या दोन घरांनाही सांगा. नाहीतर तुमच्या पाहुण्यांना दर दोन तासांनी कोणीतरी 'तुम्ही कोण?' म्हणून विचारणार. पुढे कधी तुमच्याकडे किंवा हे वाचणाऱ्या कोणाकडे परदेशी कुटुंब आलं, तर घर देणाऱ्याने २४ तासांच्या आत त्यांची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते. पैसे घेतलेले असोत वा नसोत, हे चुकवू नये.

नणंदबाईंच्या शंकेबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. आडनावावरून माणूस कळत नाही, कळते ती जात, आणि तिचा पंप चालवण्याशी संबंध नाही. घराचे नियम मात्र जरूर सांगा, ते तुमचे आहेत. देवघरापाशी मांसमच्छी चालत नसेल तर 'आतल्या स्वयंपाकघरात फक्त शाकाहार' असं माहितीतच लिहा, आणि शक्य असेल तर मागच्या पडवीत वेगळी शेगडी, दोन टोप, एक तवा ठेवा. समुद्राकाठी आलेल्या माणसाला बांगडा खाऊ नको म्हणण्यापेक्षा बांगड्याची जागा दाखवणं सोपं. ज्याला हा नियम पटत नाही तो आधीच नकार देईल, आणि तेही चांगलंच. देवांचं म्हणाल तर रोजच्या पूजेतले टाक आणि बाळकृष्ण डबीत घालून बरोबर न्या, किंवा देवघराला पडदा लावून दिव्याचं शेजारच्या काकूंना सांगा. पाहुण्यांवर देवाचं काम टाकू नका, चुकलं तर दोघांनाही रुखरुख.

तारखांचाही विचार करा. दिवाळीच्या ऐन चार दिवसांत घर दुसऱ्याला देऊ नका. उंबऱ्यात कारिट फोडायचं, दिवे लावायचे ते तुम्हीच. सुट्टी भाऊबीजेनंतरही उरते, तेव्हा जा. मात्र त्या सुमारास भातकापणी उरकलेली असते. अंगणात उडवी असेल, पडवीत भात पडलेलं असेल, तर भाताला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. आपल्याकडे जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, आकाराने लहान, पण विषारी. पाहुणे यायच्या आधी भात कणगीत किंवा पिंपात गेलं पाहिजे आणि घराला टेकलेला दगडांचा, लाकडांचा ढीग हलवला पाहिजे. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि बूट, हे त्यांना तोंडी सांगा आणि लिहूनही द्या. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, तो अवयव हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन. प्रतिसर्पविष मिळणारं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि किती मिनिटांवर, हे आधी स्वतः चौकशी करून लिहा. ज्यांना इतर वेळी घर द्यायचं आहे त्यांनी आपलं कॅलेंडर पाहावं : शिमग्यात पालखी घरी येते, मे महिन्यात आंबा आणि चाकरमानी, गणपतीत सगळी भाऊबंद मंडळी. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात जुलैत कौलारू घर अनोळखी माणसांकडे द्यायचं असेल तर कौलं सारखी करायला चढणारा माणूस हाकेच्या अंतरावर हवा. तो नसेल तर देऊ नका.

आता घराची वही. शंभरपानी साधी वही घ्या आणि पहिलं पान पंपाचं करा. विहिरीवरचा पंप वर बसवलेला असेल तर तो सुरू करण्याआधी पाइपात पाणी आहे का ते बघावं लागतं. फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या विहिरीतल्या टोकाच्या झडपेत, पालापाचोळा अडकला की पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं, पंप फिरतो पण पाणी चढत नाही, आणि तसाच चालू राहिला तर सील जळतं. तेव्हा लिहा : बटण दाबल्यावर एका मिनिटात टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला नाही तर बंद करा आणि अमक्याला बोलवा. व्होल्टेज कमी असताना मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते, आणि वाइंडिंग जळतं ते याच वेळी. तुमची टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा लिहा, 'थोडा वेळ' असं नको. जाण्यापूर्वी फूटव्हॉल्व्ह तपासून घेतलात तर अर्धी काळजी मिटेल.

विजेच्या पानावर मुख्य स्विच कुठे, इन्व्हर्टरवर काय चालतं (पंखे, दिवे) आणि काय चालत नाही (फ्रिज, गीझर, मिक्सर), लाइट गेली तर कोणाला फोन. वायरिंग जुनं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या. न्हाणीघरातला गीझर आणि ओल्या भिंती यांच्यासाठी तो हवाच, पाहुणे आले नाहीत तरी. बंब असेल तर त्यात पाणी भरल्याशिवाय जाळ घालायचा नाही, हे मोठ्या अक्षरांत. गॅसचा दुसरा भरलेला सिलिंडर ठेवा. संडासात कागदी ओले रुमाल किंवा पॅड टाकायचे नाहीत, त्यासाठी झाकणाचा डबा आणि तो कुठे रिकामा करायचा ते. गाडी माडाखाली लावायची नाही. खिडकीत केळी ठेवायची नाहीत, वानर येतात. मोबाइलला रेंज कुठल्या कोपऱ्यात मिळते, एटीएम किती लांब, कोणत्या दुकानात रोख लागते. समुद्राचं पान वेगळं ठेवा : कुठे उतरायचं, कुठे अजिबात नाही, ओहोटीला पाणी आत ओढतं तेव्हा मुलांना गुडघ्याच्या पुढे सोडायचं नाही. शहरातली माणसं पोहता येतं म्हणून आत जातात, आणि तलावात पोहणं वेगळं.

वहीबरोबर एक माणूसही हवा. शेजारधर्मावर पंधरा दिवस ढकलू नका. वाडीतल्या एखाद्याला रोज ठरवून पैसे द्या : सकाळी एकदा येऊन पाणी, कचरा, गुरं-मांजर बघायचं, आणि फोन आला तर यायचं. हा खर्च दोन्ही कुटुंबांनी निम्मा-निम्मा घ्यावा. विजेचं असं करा : जाताना मीटरचा फोटो काढा, येताना काढा, आणि आपापल्या घराचं बिल आपण भरायचं की वापरणाऱ्याने, ते आधी ठरवा. कोथरूडकरांनी रात्रभर एसी नसलेल्या घरात राहायचं आणि तुम्ही त्यांचा एसी लावायचा, यावरूनही मनं दुखावतात.

एक खोली कुलूपबंद करा. तिथे कागदपत्रं, चांदी, तात्यांची पेटी, जी मोडली तर पैशाने भरून येणार नाही अशी प्रत्येक वस्तू. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. बाकी सगळ्या खोल्यांचा सावकाश फिरून दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि तो पाहुण्यांनाही पाठवा. त्यांच्याकडूनही तसाच मागा. विम्यावर फार भिस्त ठेवू नका : २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत आग, वादळ, पूर येतात, पण साधी घरफोडी त्यात आपोआप येत नाही, वेगळी घ्यावी लागते. पाहुण्याच्या हातून झालेल्या नुकसानीचं काय, हे कंपनीला लेखी विचारा.

पुण्याच्या बाजूनेही तितकेच प्रश्न विचारा, तिथे तुम्ही पाहुण्या आहात म्हणून संकोच नको. सगळ्यात आधी : फ्लॅट त्यांचा स्वतःचा आहे की भाड्याचा? भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय घर दुसऱ्याला राहायला दिलं, तर मालक दारात उभा राहील तेव्हा दाराच्या आत तुम्ही असाल. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी पत्र दिलंय का? कितवा मजला, लिफ्ट बंद पडते का, जनरेटर आहे का? दवाखाना किती किलोमीटर, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्यांना न्यायचं आहे. घरात कुत्रा-मांजर, किंवा शेजारी बांधकाम आहे का, कारण ऑपरेशननंतर डोळ्याला धूळ आणि धूर सोसत नाही. पाणी किती वाजता येतं? कामवाल्या बाई येत राहतील का आणि त्यांचे पैसे कोण देणार?

हे सगळं बोलणं संकेतस्थळावरच्या संदेशांतून करा आणि अदलाबदल तिथेच पक्की नोंदवा. नुकसानभरपाईची किंवा पर्यायी घराची हमी असली, तर ती नोंद पक्की झालेल्यांनाच मिळते, आणि तक्रारीला मुदत असते. फक्त फोनवर ठरवलंत तर वर्गणी भरूनही हमी हातून जाते. ओळख पडताळली असा शिक्का म्हणजे नाव आणि पत्ता खरा, इतकंच. माणूस बघायला व्हिडिओ कॉल करा, आणि त्यात त्यांच्या मुलांनाही बोलवा. दोन-तीन कुटुंबांकडे ते आधी राहिले असतील तर त्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचा, विशेषतः घर परत कसं मिळालं त्याबद्दलचे.

इतकं करूनही तात्यांचं मन राजी झालं नाही तर? मग या खेपेला अदलाबदल करू नका. घर त्यांनी सांभाळलंय, त्यांच्या नकाराला वजन आहे. काही संकेतस्थळांवर एकाच वेळी जावं लागत नाही : तुम्ही घर दिलंत की गुण जमतात आणि ते दुसऱ्या कोणाच्या घरी वापरता येतात. पुढे कधी तुम्ही सगळे लग्नाला चार दिवस बाहेर असाल तेव्हा तेवढ्यापुरतं घर देऊन बघा. पैसे घेऊन खोल्या द्यायच्या असतील तर तो वेगळा व्यवसाय आहे. त्यासाठी राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, नोंदणी आहे, उत्पन्नावर कर आहे. पंधरा दिवसांच्या सोयीसाठी त्यात पडू नका.

पण तात्या राजी होण्याची एक वाट मला दिसते. कोथरूडकरांना एक दिवस आधी बोलवा. एक रात्र दोन्ही कुटुंबं एका घरात. संध्याकाळी ओटीवर चहा, रात्री तुमच्या हातचं जेवण, सकाळी विहीर, पंप, बंब, गोठा दाखवायचा, मग किल्ल्या हातात देऊन तुम्ही निघायचं. रेल्वेने जाणार असाल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारखा त्याआधी ठरवा. त्या रात्री तात्यांना माणसं बघता येतील, आणि काही खटकलं तर 'नाही' म्हणायला अजून वेळ असेल, कारण नातेवाइकांकडची सोय तुम्ही आधीच करून ठेवली आहे. हे त्यांना आत्ताच सांगा.

आणि वही लिहायला मुलीला बसवा, सांगायला तात्यांना. कुठल्या वाशाखाली बादली ठेवायची, मागच्या दाराचा कडीकोयंडा कसा उचलून लावायचा, विहिरीचा कठडा कुठे सैल आहे, हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. रविवारी दुपारी सुरुवात करा, दोन रविवार लागतील.